अडून बसलेला फोटो

कंपनीत आता नसलेल्या कामगारांचे फोटो रोज दुपारी आपोआप पुसले जायचे. एक मात्र महिनाभर पुसला जात नव्हता. ‘फाइल उघडी आहे’ म्हणत कॉम्प्युटर रोज हात वर करायचा.

साहेबांनी प्रोग्रामरला झापलं. चूक त्याचीच होती. फोटो दाखवायला त्याने निवडलेला पिक्चर बॉक्स असा, की स्क्रीनवर फोटो आहे तोवर मूळ फाइल सोडायचाच नाही. त्याने त्याजागी दुसरा बॉक्स टाकला. हा नुसती नक्कल दाखवायचा, तीही कॉम्प्युटर चालू असेपर्यंतच. त्या दुपारी फाइल बिनबोभाट पुसली गेली.

“सुटलो एकदाचे,” साहेब म्हणाले. “पण एवढे दिवस तो फोटो उघडून बसलं होतं तरी कोण?”

ते बघायला प्रोग्रामर संध्याकाळी टायपिस्टच्या टेबलाशी गेला. मशीनमध्ये सापडून गेलेल्या फिटरची ही बायको. त्याच्या जागी कंपनीने तिला लावून घेतलं होतं. तिच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात फिटरची नक्कल अजून हसत होती.

“वहिनी, आज कॉम्प्युटर बंद...” तो सांगू लागला.

“हो हो, करतेय बंद,” ती म्हणाली. मग फोटोकडे बघून हळूच म्हणाली, “येते हं. सकाळी भेटू.”