काटा काय म्हणतो?

आमच्या हौशी रेडिओ क्लबचा रिपीटर, म्हणजे आमचे आवाज पकडून लांबवर पोचवणारा सेट, डोंगरावर आहे. त्याच्यामार्फत गाडीतून घरी फोन करता येतो. फक्त अख्खा क्लब ऐकत असतो. क्लबातल्या व्हर्लिनने बायकोला फोन लावला. “आर्डिस, बर्फामुळे घाटात अडकलोय. तुझ्या बाबांना खांदा द्यायला जमणार नाही. उरकून घ्या.” मी रिपीटर वगळून थेट ऐकायचं बटण दाबलं. घाटातला आवाज असा थेट माझ्या घरापर्यंत पोचूच शकत नाही; सिग्नलचा जोर दाखवणारा माझ्या सेटचा काटा मात्र टोकाला आपटला. आर्डिस म्हणाली, “लोवेल ऐकत असेलच. लोवेल, काटा काय म्हणतो?” “तोंड उघडू नकोस, चोंबड्या!” व्हर्लिन खेकसला. “हा खाजगी फोन आहे!” मी खिडकीचा पडदा सारला. “माझ्या समोरच्या बारपाशी त्याची गाडी उभी आहे, आर्डिस. टपावर बर्फ नाही.” “बरं,” ती म्हणाली. “व्हर्लिन, तिथेच थांब. बाबांना घेऊन आम्हीच येतो.”