ग्रेसचे पाच मार्क

“पास झालीस, शर्वरी! ग्रेसचे पाच मार्क मिळाले.” नलिनी मॅडमनी निकालाचा कागद तिच्या हातात ठेवला.

शर्वरीने कागद वाचला आणि ती रिकाम्या वर्गातल्या बाकावर मटकन खाली बसली.

आनंदाने काही सुचत नसेल, मॅडमना वाटलं. तीन वर्षं ही मुलगी इतिहासाच्या एकाच पेपरात अडकली होती. बाकी सगळीकडे पहिला वर्ग. लग्न होऊन छाणीला राहायची. नवरा समरजित मकरपुऱ्याला कंपनीत जाता जाता तिला बाइकवरून कॉलेजच्या फाटकाशी सोडायचा. वर्गात नावं चाळीस, येणारे सहा-सात, तेही हजेरी लागली की पसार. नापासांना तर यायची सक्तीच नव्हती. ही मात्र रोज यायची. मग वाचनालय बंद होईपर्यंत जुन्या दरबारी कागदांवर वाकून बसायची. मोडी लिपी तिने हौसेने शिकून घेतली होती. ती कुठल्याच परीक्षेत नव्हती.

अशी मुलगी नापास होते कशी? या वेळी मॅडमनी तिची उत्तरपत्रिका मागवून पाहिली. पहिली उत्तरं इतकी नेमकी की मार्क कापायला जागा नाही. पुढची पानं कोरी. पोरीने परीक्षेची धास्ती घेतलीय, मॅडमनी ठरवून टाकलं. महिन्याभरात त्या निवृत्त होणार होत्या. जाता जाता एवढं तरी करावं, म्हणून चार दिवस त्या प्राचार्यांच्या मागे लागल्या होत्या.

“मॅडम, हे मार्क परत देता येतील?”

“काय बोलतेस हे?”

“दोन प्रश्न झाले की मी पेन खाली ठेवायचे. दर वर्षी. मुद्दाम.”

मॅडम समोरच्या बाकावर टेकल्या. “पण का?”

“लग्न ठरताना बाबांनी एकच अट घातली होती, ग्रॅज्युएट होईपर्यंत पोरीला शिकू द्या. सासऱ्यांनी चार माणसांत शब्द दिला. बाबा गेले, तरी घरात कुणी तो मोडला नाही. मी नापास झाले की सासूबाई म्हणायच्या, ‘कंई वांधो नहीं, काही बिघडत नाही, पुढच्या वर्षी.’ त्या एकट्या पन्नास डबे करतात, मॅडम. आता त्यांना हाताखाली मी हवी.”

तेवढ्यात दारात समरजित आला. मोबाइलवर निकाल पाहून तो अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला होता. हातात पेढ्यांचा बॉक्स, चेहरा फुललेला. शर्वरीने घाईघाईने डोळे पुसले.

तो वाकून मॅडमच्या पाया पडला.

“तुमचे फार उपकार झाले, मॅडम. तुमच्यामुळे सुटली बिचारी.”