दगड दूर ठेवल्यावर

सुई परत हलली, आणि या वेळी जवळ एकही दगड नव्हता.

तिने टेबलाखाली वाकून पाहिलं. कात्री नाही, किल्ल्या नाहीत. मोबाईल सकाळीच कपाटात ठेवला होता. होकायंत्र टेबलावर, दगडांचं खोकं पार खिडकीशी. सुई थोडी थरथरली आणि मुकाट्याने उत्तरेला जाऊन थांबली.

"चहा टाकू का, ताई?" मावशी टेबलापासून दाराकडे वळल्या होत्या. त्यांच्या कडेवर मुलगी, मान खांद्यावर टाकलेली.

"नको. आणि टेबलाजवळ येऊ नका म्हटलं होतं ना?"

"मी कुठे येते? तुमची लेकच झेपावते तुमच्याकडे."

खोक्यातले दगड म्हणजे कधीकाळचा लाव्हा. निवताना तो त्या वेळची उत्तर दिशा अंगात धरून ठेवतो आणि पुढे कितीही काळाने ती मोजता येते. पण दगडावर वीज पडली, किंवा कुणी जोरकस चुंबक टेकवलं, की ती जुनी खूण पुसली जाते. असा बिघडलेला दगड होकायंत्राची सुई ओढतो. ते दगड वेगळे काढणं हे तिचं काम. बाळंतपणानंतर मिळालेलं पहिलंच. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी दगड घरी न्यायला परवानगी दिली तीसुद्धा कुरकुरत. घरी दगड बिघडले, तर परत तिला कुणी दारात उभं करणार नव्हतं.

परवापर्यंत सुई शहाण्यासारखी वागत होती. मग मावशींनी विचारलं, "हे दगड परत कधी जाणार?" काल त्या खोक्यावर वाकलेल्या दिसल्या. चेंडू घरंगळला म्हणाल्या. आणि आज दुपारी गॅलरीत, दार लोटून, फोनवर हळू आवाजात बोलत होत्या, "नाही, अजून ताईंना नाही सांगितलं. आजचा दिवस बघते."

तिने कपाटातून मोबाईल काढून नवऱ्याला फोन लावला.

"दगडांशी कुणीतरी खेळतंय."

"मावशी? त्यांना तुझे दगड चटणी वाटायला तरी उपयोगाचे आहेत का?"

"चेष्टा नको. मी त्यांना काढणार आहे."

"काढ. मग मुलीला कोण बघेल, लाव्हा?"

तिने फोन परत कपाटात ठेवला. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली तर फ्रिजच्या दारावरचा लाकडी ससा परत जमिनीवर पडलेला. उचलून लावला, राहिना. त्याच्या पाठीवरच्या, दाराला चिकटणाऱ्या दोन्ही काळ्या टिकल्या निघाल्या होत्या. मावशींच्या झाडूने आणखी काय काय केरात गेलं असेल कोण जाणे. तिने ससा ओट्यावर ठेवला.

"ताई, आजही वाटी तशीच राहिली," मुलीला घेऊन आलेल्या मावशी मागून म्हणाल्या. "पोट धरून रडत होती मघाशी."

"दात येत असतील." तिचं लक्ष त्यांच्या खांद्यावरच्या कापडी पिशवीकडे होतं. फुगलेली होती. "निघालात?"

"तुम्ही लेकीला घेतलंत की निघते."

"बाहेर चला. टेबलापाशी."

ती खुर्चीवर बसली, होकायंत्र पुढ्यात ओढलं. मावशी जवळ आल्या तशी सुईने उत्तर सोडली. आणखी एक पाऊल, आणि सुई गर्रकन फिरून थेट त्यांच्यावर रोखली गेली.

"पिशवीत काय आहे, मावशी?"

"माझं सामान."

"दाखवा."

मावशींनी पिशवीचा बंद घट्ट धरला. "काय हवंय ते सांगा की. मीच काढून देते."

"चुंबक."

"ते मला कशाला?"

"तेच मला विचारायचंय."

मावशींनी मुलीला तिच्या मांडीवर दिलं आणि टेबलाच्या पलीकडच्या टोकाला पिशवी पालथी केली. प्लॅस्टिकचा डबा, चष्मा, छत्रीची खोळ, आणि तळाशी एक ओलं झबलं. तिच्या लेकीचं.

"सकाळपासून दोनदा ओकली," मावशी म्हणाल्या. "मागच्या खेपेला तुम्ही म्हणालात, मीच काहीतरी चारलं. म्हणून घरी धुऊन आणणार होते. बहीण माझी दवाखान्यात आया आहे, तिला विचारलं. ती ओरडलीच मला. म्हणाली, आधी पोरीच्या आईला सांग. आता सांगितलं."

त्यांनी सामान भरलं. पिशवी खांद्याला लावली, चपला घातल्या आणि दार ओढून घेतलं. जिन्यात पावलं वाजली. मग ऐकू येईनाशी झाली.

ती सुईकडे बघत बसली. आता जाईल उत्तरेला.

सुई गेली नाही.

मुलगी कण्हली आणि पोटाशी पाय घेत मांडीवरच दुसऱ्या कुशीला वळली. तिच्याबरोबर सुईही वळली.