मोठी अक्षरं

जुना कॉम्प्युटर साफ करण्याच्या भरात मी त्याचा ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावरचं चित्र सांभाळणारा प्रोग्रॅमच, उडवला! क्षणात पडद्यावरची अक्षरं भोपळ्याएवढी झाली. तीनदा बंद-चालू केला, केबल काढून लावली, नेटवर शोधलं, तर म्हणे इतक्या जुन्या कॉम्प्युटरचा ड्रायव्हर आता मिळतच नाही. त्यात आईने आधीच बजावलं होतं, "याला हात लावशील तर बघ!"

"आता तुझी काही धडगत नाही, इंजिनियरबाई!" दादा खिदळला आणि खेळायला पळाला.

तेवढ्यात आई दुकानातून आली आणि थेट कॉम्प्युटरसमोर बसली. मी दाराआडून बघत होते.

"अगं, हे काय केलंस?"

"चुकून झालं गं आई. करते मी नीट, शप्पथ!"

"नको, नको! असंच राहू दे." तिने पडद्यावरून हळूच बोट फिरवलं. "किती महिन्यांनी मला अक्षरं नीट दिसली. हल्ली चष्म्यानेही दिसत नाहीत. घरात कुणाला बोलू नकोस हं."

सुटले बाई, म्हणून मी हसले आणि हसताहसताच थिजले.



आईचं दुकान औषधांचं आहे, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या तिथे ती एकटीच वाचते.