शेपटावरचे धागे

तुळजा टेम्पोवाल्याला घेऊन गल्लीत परत आली तेव्हा तिचे वडील, भुजंगराव, अंगणात कात्री पुसत उभे होते. चेहऱ्यावर वरबापाचं समाधान होतं.

“सगळे काढले बघ, पुट्टी. एक लोंबता ठेवला नाही.”

अंगणात तिची गाडी होती. एकाच माणसाची, तीन चाकांची, पांढऱ्या फायबरच्या कवचाची. लिटरभर पेट्रोलमध्ये कोण जास्त लांब जातं, त्या शर्यतीसाठी तिच्या कॉलेजच्या पोरांनी बनवलेली. त्या कवचावर तुळजाने दोन दिवस खपून लोकरीचे तीनशे धागे चिकटवले होते. आता एकही नव्हता. भुजंगरावांना तरी काय म्हणायचं? देवराज मोहल्ल्यातल्या दुकानात छत्तीस वर्षं शाळांचे गणवेश शिवलेला माणूस. धागे लोंबणारा माल त्यांच्या हातून कधी बाहेर गेला नव्हता, तो पोटच्या पोरीचा कसा जाऊ देतील?

तुळजाला आधी राग आला, मग रडू आलं, आणि मग दोन्ही एकदम.

“अप्पा, ते मुद्दाम लावले होते! गाडी पळताना वारा अंगावरून कसा जातो ते त्यांच्यावरून कळतं. धागा निजून राहिला तर वारा सरळ घसरला. फडफडला तर वारा तिथं अडकला, गाडीला मागं ओढतोय.”

“अय्यो,” भुजंगराव एवढंच म्हणाले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

चाचणीसाठी हेब्बाळचा रस्ता सकाळी सात ते आठ एवढाच वेळ मोकळा मिळाला होता. नंतर कंपन्यांच्या बसेस सुरू व्हायच्या. गाडीचं लांब, निमुळतं शेपूट तुळजाच्या डोक्यातून निघालेलं. प्राध्यापक सत्यनारायणांचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. आज धाग्यांनी साक्ष दिली तर तिचं शेपूट राहणार होतं. नाहीतर गेल्या वर्षीचं आखूड कवच चढणार होतं.

“किती अंतरावर एक?” भुजंगरावांनी विचारलं.

“चार बोटं. पण राहू दे अप्पा, आता होत नाही.”

तोवर ते घरात गेलेही होते. काज करायच्या जाड लाल दोऱ्याची रिळं, खडू आणि पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन ते आले आणि गाडी टेम्पोत चढवल्यावर तिच्याशेजारी मांडी घालून बसले. दोरा पुठ्ठ्याला गुंडाळायचा आणि एका कडेने कात्री चालवायची, की पन्नास धागे एका मापाचे. हेब्बाळ येईपर्यंत टेम्पोने हाडं खिळखिळी केली, पण खडूची एक रेघ वाकडी गेली नाही. तुळजा चिकटपट्टी तोडून देत होती. तिचा राग कुठल्या सिग्नलला उतरला ते तिलाही कळलं नाही. शेपूट झालं, पुढचं अंग राहिलं. पण भांडण शेपटाचंच होतं.

संघातली सगळ्यात हलकी म्हणून सीतालक्ष्मी गाडीत बसली. टेम्पोत मागे सत्यनारायण सर, तुळजा आणि भुजंगराव. जाताना टेम्पो गाडीच्या डाव्या अंगाला धावला. लाल धागे अगदी टोकापर्यंत शहाण्यासारखे निजून होते. तुळजाने श्वास सोडला.

येताना टेम्पो उजव्या अंगाला होता. तिथं शेपटाच्या शेवटच्या हातभर भागात धागे उठले, गरगरले, एकमेकांत गुंतले.

“बघितलंस?” सर घड्याळ बघत म्हणाले. “वारा अंगापासून सुटतोय. डिझाइन फेल आहे, तुळजा. उद्या जुनं कवच चढवा.”

 

गाडी थांबली तसे भुजंगराव खाली उतरले आणि शेपटामागे एक डोळा मिटून उकिडवे बसले. शिकलेल्या माणसाला उलट बोलायची त्यांची उभ्या जन्मातली ही पहिलीच वेळ.

“सर, ओंदु निमिष. एक मिनिट इकडं येऊन बघा की. हा उजवा खांदा खाली बसलाय.”

त्यांनी जमिनीपासून टेप लावली. डावीकडे साडेअकरा इंच भरलं, उजवीकडे अकरा.

“कटिंग, म्हणजे तुम्ही म्हणता ते डिझाइन, चुकलं असतं तर दोन्हीकडं फडफडलं असतं. नोडी, बघा, डावीकडं कसं गुमान निजलंय. हा शिलाईचा झोल आहे, सर. झोल आला म्हणून कुणी कापड टाकतं का? उसवायचं नि परत शिवायचं.”

सर उकिडवे बसले. त्यांनी टेप स्वतःच्या हातात घेऊन दोनदा मोजलं. मग उठून गुडघे झटकले.

“शुक्रवारपर्यंत उजवी बाजू नीट बसवा. शुक्रवारी परत धावू. तोवर शेपूट राहू दे.”

सर गेले. तुळजा मात्र मान खाली घालून उभी होती.

“अप्पा, शिलाई पण माझीच आहे. ते फायबर मीच बसवलं होतं.”

“शिलाई काय गं, कुणालाही येते. मला आली.” भुजंगरावांनी टेप गळ्यात अडकवली. “कटिंग सगळ्यांना येत नाही. दुकानातल्या कटिंग मास्तरनं कापून दिलेलंच शिवत आलो मी.”

त्यांनी शेपटाच्या टोकापर्यंत एकदा नजर नेली.

“उसवायला मी येतो, पुट्टी. कटिंगला हात लावणार नाही.”