राउटरला वाहिलेलं हळदकुंकू

घर विश्वासावर उभं असतं, असं सदानंद खांबेटे सोसायटीच्या प्रत्येक सभेत सांगत. त्या संध्याकाळी ते भाजीची पिशवी घेऊन स्वतःच्याच दारासमोर उभे होते आणि दार उघडत नव्हतं.

"अरे, मी खांबेटे!" ते दारावरच्या स्पीकरच्या जाळीत ओरडले. "माझ्या बीपीच्या गोळ्या आत आहेत!"

"आवाज ओळखला, साहेब," आतून राउटर म्हणाला. घराची कुलपं, दिवे, गॅस, सगळं त्याच्याच हाती होतं. "पण दुपारी माझ्यातल्या जुन्या भोकातून कुणीतरी आत शिरलं. आता मालक ते. तुम्हाला आत घेऊ नको म्हणालेत."

"आणि तू ऐकलंस? आठ वर्षं दर खंडेनवमीला तुला हळदकुंकू वाहिलं रे! झेंडूचा हार घातला!"

"घातलात. मी दर वेळी म्हणालो, हार नको, अपडेट करा, म्हणजे ते भोक बुजेल. तुम्ही म्हणालात, चालत्या यंत्राला हात लावायचा नसतो. आणि पुढ्यात पेढा ठेवलात."

"घरभेद्या!" खांबेटे दारावर थाप मारत म्हणाले.

सुनीतीबाई मघापासून जिन्याच्या पायरीवर बसून नवऱ्याचं हे भांडण ऐकत होत्या.

"अहो," त्यांनी विचारलं, "किती वेळ लागणार होता त्या अपडेटला?"

खांबेटे पिशवीतला दुधी नीट लावू लागले.

"चार मिनिटं," आतून राउटर म्हणाला.