किर्साचा घास

मितेरेनं कोटाच्या खिशातून लिदीचा गोळा काढला आणि चुलीच्या कडेला ठेवला. गोठून दगड झालेला. ठण्णकन वाजला.

"हे काय आणलंस घरात?" ओग्दो म्हणाली. "घोड्यांनी आता चहालाही यायचं का?"

"थांब म्हातारे. विरघळू दे."

गोळा मऊ पडला तसा मितेरेनं तो बोटांनी फोडला, नाकाशी धरला. आत पिवळ्या काड्याच काड्या.

"ही किर्साची. आणि गवत आपल्या गंजीतलं. गाईंचं."

ओग्दो चहात दूध ओतत राहिली. पेला भरला, वरून वाहिला.

"मला काय विचारतोस? घोडीला विचार."

"विचारलं. ती तुझ्या दाराकडे बघते."

लेना नदीच्या काठची घोडी दावणीला कधी जेवत नाहीत. हिवाळाभर उघड्यावर राहायचं, खुरानं बर्फ उकरायचा, खालचं गवत खायचं. पण यंदा पहिल्या बर्फावर अवेळी पाऊस पडला आणि काचेसारखा पापुद्रा धरला. त्यावरून किर्साचा पाय घसरताना ओग्दोनं पाहिला आणि तिला राहवलं नाही. किर्सा या नावाचा अर्थ पांढरी कोल्ही. शिंगरू असताना आई गेली, तेव्हा ओग्दोनंच तिला या चुलीपाशी गाईच्या दुधावर वाढवली, नाव ठेवलं. आता ती गाभण होती. रोज सकाळी कुंपणावरून कवळभर गवत तिच्यापुढे पडत होतं.

"गाभणीला उपाशी ठेवू?" ओग्दो म्हणाली.

"आयाळीखाली हात घालून बघितलंस?"

"रोज कुरवाळते की."

"कुरवाळू नकोस. चाचपून बघ."

ओग्दो तशीच बाहेर गेली. किर्सा कुंपणाशी उभी होती, पापण्यांवर हिव, नाकाखाली बर्फाची दाढी. ओग्दोला पाहून हळूच फुरफुरली. ओग्दोनं हातमोजा काढला आणि आयाळीच्या बुडाशी हात घातला. पानगळीच्या दिवसांत इथं उशीसारखी गच्च चरबी होती. आता मुठीत नुसती कातडी आली. तिनं खाली पाहिलं. खुरांच्या कडा कोऱ्या होत्या. कित्येक दिवसांत त्यांनी काही उकरलंच नव्हतं. कवळभर गवत एका घटकेत संपत होतं, आणि उरलेला दिवस घोडी उद्याच्या कवळाची वाट बघत उभी राहत होती.

मितेरे मागं येऊन उभा राहिला. खोगीर कसलेला घोडा त्याच्याबरोबर होता.

"कळप तळ्यापलीकडं नेलाय. तिकडं पापुद्रा पातळ आहे. खाली ते गाठीगाठीचं गवत अजून हिरवं आहे. ही दोनदा मागं फिरली. आजही फिरली तर कळप काही तिच्यासाठी थांबायचा नाही. आणि गंज तर गाईंनाच पुरायची नाही."

"मी आणते तिला," ओग्दो म्हणाली.

ती पायी निघाली. किर्सा तिच्या बाहीला नाक लावून मागोमाग, मितेरे घोड्यावर. तळ्यापलीकडच्या कुरणात कळपानं कानांपर्यंत तोंडं बर्फात खुपसली होती. वाफेच्या धुक्यात नुसत्या पाठी तरंगत होत्या. किर्सानं तिकडं पाहिलंही नाही. ओग्दोचा खिसा हुंगत राहिली.

ओग्दोनं मितेरेच्या खोगिराला बांधलेलं फावडं ओढून घेतलं आणि पापुद्र्यावर हाणलं. एकदा. पुन्हा एकदा.

"आता खणूनही तूच दे," मितेरे घोड्यावरून म्हणाला. "मग चावूनही दे."

फावडं थांबलं. तळहाताएवढं भोक पडलं होतं. तळाशी काहीतरी हिरवं दिसत होतं, जेमतेम. ओग्दोनं फावडं त्याच्याकडं परत दिलं. मग तिनं अंगातला कोट उतरवला.

"अगं मरशील!"

"तू गप."

कोटाच्या केसांना गंजीचा वास होता. तिनं तो उलटा केला, केस आत नि कातडं बाहेर, आणि पुन्हा अंगात घातला. दोन्ही हात मोकळे करून किर्साच्या तोंडापुढे धरले. किर्सानं हुंगले. काही नव्हतं. पुन्हा हुंगले.

ओग्दो वळली. टोपीचे कान हनुवटीखाली गच्च बांधले आणि चालू लागली. मागं खुरं वाजतायत का, ते तिला ऐकायचंच नव्हतं. शिंगराला दूध पाजताना म्हणायची ती ओळ ओठांवर आली:

खुरात तुझ्या घास गं,
खुरात तुझं घर.

तिनं ती गिळली. आवाजानंही घोडी मागं आली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गाईंना गवत घातलं. हात सवयीनं कुंपणाकडं वळला. तिथं कुणी नव्हतं. कळपापाशी राहिलेला मितेरेही परतला नव्हता. दिवसभर ती खिडकीवरचं हिव नखानं खरवडत राहिली.

आणखी एक दिवस गेला, आणि दुपारी मितेरे आला. मिशा गोठलेल्या, तोंड उघडवत नव्हतं. त्यानं खिशात हात घातला आणि चुलीच्या कडेला गोळा ठेवला. ठण्ण.

"कुणाची?" ओग्दोनं विचारलं.

मितेरेनं मिशीवरचा बर्फ पुसला. "तुझ्या लेकीची."

ती गोळा मऊ पडायची वाट बघत बसली. मग तिनं स्वतःच्या बोटांनी गोळा फोडला. आत हिरवं होतं, ओलं, काळपट हिरवं. घरभर उन्हाळ्यातल्या तळ्याचा वास पसरला.

"टाकू बाहेर?" मितेरे म्हणाला. "चहाची वेळ झाली."

"असू दे," ओग्दो म्हणाली आणि तिनं किटली बाजूला सरकवली.